गट्टूंवरचा कोरा पट्टा

१

रामराव नगरपंचायतीच्या शेडच्या दारात पडलेला सापडला, तेव्हा चौकात दाट धुकं होतं. आशाबाईच्या हाकेनं निम्मं मोहरखेड जागं झालं.

"धावा हो! रामरावभाऊ पडले इथं! रगत आलं डोक्यातून!"

मी चौकातल्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत राहतो. आयुष्यभर तिथं ग्रंथपाल होतो, आता नुसताच राहतो. गर्दीत शिरणं मला जमत नाही. चार माणसांच्या मागे उभं राहून जेवढं दिसलं तेवढंच मी पाहिलं.

रामराव हा नगरपंचायतीचा रखवालदार. त्याच्या डोक्याला मागच्या बाजूनं खोल जखम होती. पण त्याला पोत्यावर सरळ निजवलेलं होतं आणि त्याचीच घोंगडी गळ्यापर्यंत पांघरलेली होती. डोळे मिटलेले. श्वास चालू होता, एवढंच.

त्याच्या मागचं शेड रिकामं होतं. तिथली धुणगाडी जागेवर नव्हती.

धुणगाडी हे आमच्या गावानं दिलेलं नाव. चौकात फरसबंदीचे नवे तांबडे गट्टू बसवले तेव्हा ते धुवायला नगरपंचायतीनं ही गाडी आणली. आपल्याच इंजिनावर चालते, रिक्षाहून थोडी मोठी. मागे बसायची जागा आणि पाण्याची टाकी, पुढे जमिनीलगत उपड्या परातीसारखं पोलादी झाकण. झाकणाच्या आत नळ्या गरगर फिरतात. लाल बटण दाबलं की पाणी एवढ्या जोरानं सुटतं की काळाठिक्कर पडलेला गट्टू पुन्हा तांबडा होतो. आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, उजाडायच्या आत, धम्मदीप नावाचा तरुण चालक सगळा चौक धुऊन काढतो. तो आवाज इतका सवयीचा झालाय की त्यानं आता कोणी कूसही बदलत नाही.

रुग्णवाहिका रामरावला घेऊन अकोल्याकडे गेली. त्याची बायको सत्यभामाबाई तशीच, अनवाणी, आत चढून बसली. मग धुकं विरळ झालं आणि लोकांनी चौकाकडे पाहिलं.

काल बाजार झालेला. गट्टूंवर पालापाचोळा, चिखल, उसाची चिपाडं. त्या सगळ्या घाणीतून, शेडच्या दारापासून चौकाच्या मधोमधपर्यंत, एक पट्टा लख्ख धुतलेला होता. सुतानं आखल्यासारखा सरळ. त्याच्या टोकाला धुणगाडी उभी होती, तोंड शेडकडे करून. किल्ली तिच्यातच होती आणि किल्लीला काळ्या दोऱ्याचा तुकडा लोंबत होता. ती किल्ली रामराव आपल्या करदोड्याला बांधून ठेवी. दोरा सुटलेला नव्हता, कापलेला होता.

फौजदार श्रेयस पुण्याकडचे. हुशार, सभ्य, आमच्याकडे येऊन त्यांना वर्षही झालेलं नाही. त्यांनी आशाबाईला विचारलं, "रामराव काही बोलले का?"

आशाबाईची चौकात चहाची टपरी आहे. ती पदर तोंडाशी धरून म्हणाली, "एकच बोलले साहेब. म्हणे, गाडी... मांगून नेली. मंग डोळे मिटले."

साहेबांनी लिहिता लिहिता मोठ्यानं उच्चारलं, "गाडी मागून नेली." मग मान वर केली. "म्हणजे कोणीतरी मागितली. रामराव मागितल्यावर गाडी कोणाला देतो?"

"एकाच माणसाले," मागून पंजाबराव म्हणाले. ते नगरपंचायतीचे सभापती. "धम्मदीपले. अन् काल बाजारात हेच पोट्टं रामरावले काय म्हणे, ते सगळ्यायनं ऐकलं. म्हणे, 'बुढ्या, एक दिवस तुलेच धुऊन काढतो.'"

धम्मदीप गर्दीतच उभा होता. त्याच्याभोवती हळूहळू जागा मोकळी होत गेली.

२

"काकाजी, तुम्ही वाचलेले माणूस आहा. सायबाले दोन शब्द सांगा न."

जनकाबाई वाचनालयाच्या पायरीवर बसल्या होत्या. धम्मदीपच्या आई. वर बसा म्हटलं तरी बसेनात.

"मी काय सांगणार, बाई? मला काही माहीत नाही."

"माहीत मलेही नाही. पण माह्या पोरानं कोणावर हात नाही उचलला. रामरावभाऊ अन् तो रोज एकमेकाले चिडवत. रामरावभाऊ म्हणत, नगरपंचायतीनं चौकाले गंध लावलं. हा म्हणे, तुले धुऊन काढतो. ते भांडण होय का?"

गंधाची गोष्ट खरी होती. शेडमध्ये जुन्या ट्रॅक्टरांचं जळकं तेल सांडून जमीन काळी झालेली आहे. गाडीची चाकं त्यात बरबटतात. झाकण पुढे धुवत जातं, मागून चाकं त्याच धुतलेल्या जागेवरून येतात आणि दोन काळ्या रेघा ओढत जातात. कपाळावरच्या उभ्या गंधासारख्या. दर वेळी शेवटी धम्मदीप खाली उतरून त्या रेघा हातातल्या नळीनं घालवतो.

"त्याची निवड झाली काकाजी," जनकाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "सरकारी ड्रायव्हर. पक्की नोकरी. पोलिसाचा दाखला तेवढा बाकी आहे. आज गुन्हा चढला त झालं. दुपारी त्याले कोर्टात नेऊन राह्यले जळगावले."

जळगाव म्हणजे आमचं तालुक्याचं, जळगाव जामोद. दुपारच्या आत काही झालं नाही तर मुलगा पोलिसांच्या गाडीत बसणार होता आणि नोकरी कायमची हातची जाणार होती.

मी पुन्हा म्हणालो की मला काही माहीत नाही. पण त्या उठून गेल्यावर माझ्या डोक्यात त्यांचंच एक वाक्य राहिलं. चौकाला गंध.

मी खिडकीपाशी गेलो. समोर कोरा पट्टा उन्हात चमकत होता. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, कारण माझ्या नजरेवर माझा फारसा भरवसा नाही.

पट्ट्यावर एकही रेघ नव्हती.

३

धुणगाडीपाशी नगरपंचायतीच्या अभियंता गार्गी गुडघे टेकून बसल्या होत्या. झाकणाच्या पुढच्या कडेला पाणी बाहेर उडू नये म्हणून जाड रबराची झालर असते. ती दुमडून फाटली होती.

"बघा काका, काय करून ठेवलंय. ही झालर पुढे जाण्यासाठीच कापलेली असते. शिकवायला आलेल्या माणसानं पहिल्या दिवशी एकच गोष्ट दहा वेळा सांगितली, बटण चालू असताना गाडी रिव्हर्स घ्यायची नाही. रबर आत ओढलं जातं."

"हे धम्मदीपला माहीत होतं?"

"आम्ही दोघंच शिकायला होतो. त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत. बाजारातून आठवणीनं रबर आणून लावणारा मुलगा आहे तो." त्या थांबल्या. "पण मी साहेबांना काय सांगू? माझंच रामरावांशी वाजलं होतं. गेट उघडं ठेवतात म्हणून मी त्यांना नोटीस दिली होती. साहेबांनी मलाही विचारलं, पहाटे कुठे होता?"

"कुठे होता?"

"झोपले होते. एकटी राहते, साक्षीदार कुठून आणू?"

मला वाईट वाटलं. विचारायला नको होतं. मी तिथून निघणार तोच पंजाबराव आले. त्यांच्या गळ्याला पांढरा पट्टा होता. मानेच्या मणक्यांनी ते महिन्याभरापासून बेजार आहेत. कोणाशी बोलायचं तर सगळं अंग वळवावं लागतं.

"नीळकंठराव, तुम्ही काऊन या भानगडीत?" ते आख्खे माझ्याकडे वळून म्हणाले. "पोट्टं गेलं त जाऊ द्या. गाडी काही बंद राह्यत नाही. माह्या भाच्यानं लायसन काढलं आहे."

"तुम्हीही चालवली आहे ना ही?"

"उद्घाटनाले! हार गळ्यात घालून. पूर्ण चौक फिरलो. आपण ट्रॅक्टरवाले माणसं, आपल्याले कोणती गाडी जड आहे?"

भाच्यासाठी ते किती पुढे गेले असतील, याचा मी विचार केला आणि लगेच स्वतःची लाज वाटली. माणसाबद्दल असं मनात आणू नये. तरी आलं.

मी पट्ट्याच्या टोकाशी उभा राहिलो, गाडीच्या झाकणापाशी. इथं काहीतरी असायचं आणि आज ते नव्हतं. थंडीच्या दिवसांत खिडकी उघडली की मला इथं एक लाल ठिपका दिसतो. रामरावची शेकोटी. तो पहाटेपर्यंत इथं बसतो आणि दिवसभर इथल्या गट्टूंवर राखेचा काळा डाग राहतो.

आज राख नव्हती. गाडीखाली पाण्यानं ढकललेली दोन अर्धवट जळकी लाकडं मात्र अडकलेली दिसली.

म्हणजे ज्यानं गाडी आणली त्याला चौक धुवायचा नव्हता. त्याला रामरावची जागा धुवायची होती.

४

चहाच्या टपरीवर आशाबाईचा नवरा सहदेव बसला होता. नगरपंचायतीचा पाण्याचा टँकर त्याच्या ट्रॅक्टरला जोडलेला असतो. झाडांना पाणी तोच घालतो, धुणगाडीची टाकीही तोच भरतो. गडी कष्टाळू, एरवी बडबड्या. आज तो नुसता कप धरून होता.

"या काकाजी," तो म्हणाला. "चहा सांगू?"

"अर्धा."

"काकाजीले अर्धाच लागते," टपरीवरचा एक जण म्हणाला. "अर्धा चहा, अर्धी गोष्ट. बाकी अर्धी पुस्तकात वाचून घेतात."

लोक हसले. सहदेव हसला नाही.

"टँकर आज उशिरा आला म्हणे," मी म्हणालो. हे विचारतानाही माझा आवाज चोरासारखा झाला.

"धुकं किती होतं! हातातला हात दिसे ना. फाट्यावरच थांबलो."

आशाबाईनं कप माझ्यासमोर ठेवला. चहा बशीत सांडला होता. तिच्या टपरीत असं कधी होत नाही.

"आशाबाई, रामराव नेमकं काय म्हणाला? पुन्हा एकदा सांगता?"

"सांगतलं न साहेबाले."

"मी मागे उभा होतो. नीट ऐकू आलं नाही."

ती स्टोव्हच्या ज्योतीकडे पाहत म्हणाली, "गाडी मांगून नेली."

"मांगून? म्हणजे रामरावला विचारून?"

स्टोव्ह चांगला पेटलेला असताना तिनं त्याला पंप मारायला सुरुवात केली.

"मले जे ऐकू आलं ते मी सांगतलं, काकाजी. एक अक्षर इकडचं तिकडं नाही केलं. लिहिणाऱ्यानं काय लिहिलं, ते मले काऊन विचारता?"

सहदेव कप तसाच ठेवून उठला आणि टँकरकडे चालू लागला. आशाबाई त्याच्या पाठीकडे पाहत होती. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. या बाईला माझ्याहून जास्त माहीत होतं. आणि समोर, पोलीस चौकीच्या दारात, जीप येऊन उभी राहिली होती.

५

"काका, मला अर्ध्या तासात निघायचंय," श्रेयस साहेब म्हणाले. कोपऱ्यात बाकावर धम्मदीप बसला होता, हात गुडघ्यांत घेऊन.

मी उभा राहिलो आणि जे ठरवून आलो होतो ते सगळं विसरलो. मग आठवेल तसं बोललो.

"साहेब, मी चुकत असेन. पण दोरा कापलेला आहे. मागितल्यावर दिली असती तर सोडून दिली असती."

"मागितली, दिली नाही, म्हणून मारलं."

"मग रामराव म्हणाला असता, हिसकून नेली. मागून नेली कशाला म्हणेल? आणि ज्यानं मारलं, तो घोंगडी पांघरेल का?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. धम्मदीपनं प्रथमच मान वर केली.

"तुमचं म्हणणं काय आहे?"

"माझं म्हणणं असं काही नाही. फक्त एकदा गाडी चालवून बघावी. शेडपासून, त्या पट्ट्याच्या शेजारून. एकदा पुढे आणि एकदा मागे."

"त्यानं काय होईल?"

"कदाचित काहीच होणार नाही," मी म्हणालो, आणि तेव्हा मला खरोखर तसंच वाटत होतं.

चौकात पुन्हा गर्दी जमली. साहेब धम्मदीपला सोबत घेऊन आले. गार्गीबाईंनी गाडी शेडमध्ये नेऊन तोंड बाहेर केलं, लाल बटण दाबलं आणि त्या पुढे निघाल्या. पाण्याचा आवाज भिंतींवर आदळला. झाकणामागून तांबडे गट्टू उघडे पडत गेले आणि त्यांच्यावरून, सगळ्यांच्या देखत, दोन काळ्या रेघा उमटत आल्या.

"गंध लागलं पहा," कोणीतरी म्हणालं.

"आता मागे," मी म्हणालो. गार्गीबाईंनी आधी फाटक्या झालरीकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्यांनी गाडी परत शेडमध्ये नेली, या वेळी तोंड आतच ठेवलं, बटण दाबलं आणि मान वळवून गाडी उलटी बाहेर काढली. आता चाकं आधी येत होती आणि झाकण त्यांच्या मागून. चाकांनी टाकलेली प्रत्येक रेघ लगेच धुतली जात होती. तेवढ्यात रबर आत ओढलं गेल्याचा खरडल्यासारखा आवाज झाला. मागे उरला तो लख्ख, कोरा पट्टा, पहाटेच्या पट्ट्यासारखाच. चौकाच्या मध्यावर गाडी थांबली, तेव्हा तिचं तोंड शेडकडे होतं.

साहेब पट्ट्याकडे पाहत राहिले. पंजाबराव ओरडले, "ओ बाई! नवी गाडी आहे, तोडता का? अशी मांगून काऊन नेता? समोरून न्या न!"

श्रेयस साहेब झटकन त्यांच्याकडे वळले.

"काय म्हणालात?"

"म्हटलं, गाडी समोरून न्या."

"त्याच्या आधी."

"मांगून काऊन नेता, म्हटलं. मांगून म्हणजे... मांगून! उलटी, साहेब. पाठीकडून."

६

"मागितली नव्हती," साहेब स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले. "रामराव शेडच्या दारात पडून पाहत होता आणि गाडी उलटी जात होती. तेवढंच त्यानं सांगितलं." मग ते माझ्याकडे आले. "काका, पूर्ण सांगा."

एवढ्या लोकांसमोर मी कधी बोललेलो नाही. मी गट्टूंकडे पाहूनच बोललो.

"रामरावला शेडपाशी कोणी मारलं नाही. तो शेकोटीपाशी बसला होता, तिथं त्याला लागलं. धुक्यात दिसलं नसेल. ज्याच्या हातून झालं त्यानं त्याला उचलून शेडपर्यंत नेलं, निजवलं, पांघरूण घातलं. वाटेत रक्त सांडलं होतं. ते धुवायला त्यानं दोरा कापून किल्ली घेतली आणि शेडपासून शेकोटीपर्यंत गाडी नेली. म्हणूनच पट्टा तिथं संपतो."

"पण उलटी का?"

"जे ही गाडी चालवायला शिकले, ते कधीच उलटी नेणार नाहीत. रबर फाटतं. त्यामुळे धम्मदीप नाही आणि गार्गीबाईही नाहीत. उलटी तोच नेईल, ज्याला धुतलेल्या जागेवर चाक घालणं बरं वाटत नाही. आपल्याकडे नांगर असो की पेरणीचं यंत्र, ते ट्रॅक्टरच्या मागे असतं. चाक आधी जातं, काम मागून होतं. पेरलेल्या तासावर कोणी चाक घालत नाही. ते हाताला लागलेलं वळण आहे."

"असे ट्रॅक्टरवाले अख्खं गाव आहे, काका."

"पण लाल बटण सगळ्यांना माहीत नाही. पंजाबरावांना माहीत आहे."

पंजाबराव आख्खे माझ्याकडे वळले. चेहरा लाल झाला होता. "नीळकंठराव!"

"पण त्यांची मान वळत नाही," मी घाईनं म्हणालो. "मागे न पाहता एवढा सरळ पट्टा निघत नाही. ते नाहीत. मग... टाकी भरायला गाडीपाशी येणारा, बटण दाबताना दर वेळी पाहणारा आणि पहाटेच्या धुक्यात चौकात ट्रॅक्टर आणणारा..."

मी थांबलो. मला नाव माहीत होतं. पण ते उच्चारलं की एक घर मोडणार होतं, आणि माझी जन्मभराची शंका मला विचारत होती, तुझं चुकलं असेल तर?

"नाव घ्या न, काकाजी. काऊन थांबले?"

आशाबाई टपरीच्या बाहेर आली होती. तिच्या हातात चहाची गाळणी तशीच होती.

"तुम्ही नाही घेत त मी घेतो. माह्या नवऱ्यानं केलं. टँकर मांगं घेऊन राह्यला होता, धुक्यात रामरावभाऊ दिसले नाही. टाकीचा कोपरा लागला त्यायच्या डोक्याले. घरी आला त म्हणे, मेला तो, माह्या हातानं मेला. मी धावत आली त जीव होता अंगात. म्हणून मी बोंब मारली. दवाखाना भेटला पाह्यजे म्हणून."

"आणि जबाब?" साहेबांनी विचारलं.

"जबाब मी खरा देला. तुम्ही 'मागून' लिहिलं, मी ऐकलं. मले समजलं तुमाले उलटं समजलं. मी गप्प बसली." तिनं धम्मदीपकडे पाहिलं नाही. "मले वाटलं, भाऊ शुद्धीवर येतीन, सगळं सांगतीन, पोरगा सुटन. मंग जीप आली. तरी मी गप्पच बसली."

टँकरच्या आडून सहदेव पुढे आला. तो सरळ धम्मदीपसमोर जाऊन उभा राहिला. कॉन्स्टेबलनं त्याचा दंड धरला, तेव्हा तोच म्हणाला, "चाला साहेब." मग थांबून म्हणाला, "लायसन नव्हतं माह्यापाशी. मुदत गुदरून गेलती त्याची. मी इतका भेलो का... धुऊन टाकावं, एवढंच सुचलं."

साहेब धम्मदीपला म्हणाले, "तू जा. तुझ्यावर काही नाही. दाखल्याचं मी स्वतः बघतो."

धम्मदीप काही वेळ तसाच उभा राहिला, जणू जा म्हणजे कुठे हे त्याला समजत नव्हतं. सकाळी त्याच्यापासून दूर सरकलेले लोक आता जवळ येऊन पाठीवर हात ठेवू पाहत होते. त्यानं एकाचाही हात ठेवू दिला नाही.

सहदेवला घेऊन साहेब चौकीत गेले. आशाबाई गट्टूंवर खाली बसली. कोणी तिच्याजवळ गेलं नाही. मला जावंसं वाटलं, पण गेलो नाही. मीच तर तिला उघडं पाडलं होतं.

गेल्या त्या जनकाबाई. गर्दीनं वाट दिली. एक थप्पड बसणार, असं सगळ्यांना वाटलं, आणि आशाबाईनंही मान खाली घातली.

"सकाळपासून माह्या पोराच्या तोंडाकडं पाह्यलं तू," जनकाबाई म्हणाल्या. "लहानपणापासून तुह्या टपरीवर चहा पेला त्यानं. तरी तुह्या तोंडातून एक शब्द निघाला नाही."

"नाही निघाला, बाई."

"मले तुह्याशी बोलाचं नाही. आजही नाही, उद्याही नाही. फक्त सांग, अकोल्याची गाडी कधी आहे?"

आशाबाईनं वर पाहिलं. "काऊन?"

"सत्यभामा तिथं एकटी बसली आहे. तिच्या माणसाले कोणाच्या हातानं लागलं, कसं लागलं, तिले काही माहीत नाही. ते दुसऱ्याच्या तोंडून नाही कळलं पाह्यजे. तू सांगाचं. तुह्याच्यानं सांगणं होणार नाही, म्हणून मी बाजूले बसतो. ऊठ."

आशाबाईला उठता येईना. तेव्हा धम्मदीप पुढे आला. त्यानं तिला हात दिला नाही. तो टपरीत गेला, जळता स्टोव्ह बंद केला, फळी ओढून घेतली आणि कुलूप लावून किल्ली तिच्यासमोर गट्टूंवर ठेवली.

"लवकर जा, आई," तो म्हणाला. "बस लागली आहे."